मॅक्सराव अजून उठलेले नाहीत

६ नोव्हेंबर २०२२, रविवार

यंदा मराठी शाळेत माझ्याकडे मधला गट आलाय. सहा ते दहा वयाची मुलं, पटावर चौदा, प्रत्यक्षात येतात अकरा, आणि त्यातली तीन सॉकर संपवून घामाघूम होऊन अर्ध्या तासानं उगवतात. समितीचं म्हणणं असं की वर्षभर चालेल असा एक प्रकल्प घ्या आणि पाडव्याच्या कार्यक्रमात तो स्टेजवर दिसला पाहिजे. गेल्या वर्षीच्या ताईंनी थर्मोकोलचा राजगड केला होता, छानच झाला होता, पण मला यावेळी इथलंच काहीतरी घ्यायचं होतं. कारण या मुलांना मराठीत प्राणी विचारले की वाघ सिंह हत्ती मोर, संपलं. आणि इथे हेंडरसनला, लास वेगासच्या शेजारी, आमच्या घरामागे मोर कुठून येणार, येतो तो रोडरनर. आज एकीनं तेच सांगितलं, "ताई आमच्या बॅकयार्डमध्ये रोडरनर लिझर्ड खात होता". मी म्हटलं मराठीत सांग, तर तीच मला विचारते रोडरनरला मराठीत काय म्हणतात. काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. पण तो कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे एवढं मला ठाऊक होतं, ते सांगितल्यावर पाच मिनिटात वर्गानं शब्द पाडला, "पळकोकीळ". मला तर जाम आवडला. तिथेच ठरवून टाकलं, प्रकल्प वाळवंटातले प्राणी. आणि वाळवंटातले प्राणी म्हटल्यावर इथल्या पोरांच्या तोंडी पहिलं नाव मोहावी मॅक्स या कासवाचंच येणार (मी आले त्या वर्षी मोजावे मोजावे करायचे, माझ्याच लेकीनं चारचौघात दुरुस्त केलं).

१३ नोव्हेंबर

पुढच्या वर्षी ही वही ज्यांच्या हातात जाईल त्यांच्यासाठी मॅक्सबद्दल थोडं लिहून ठेवते, नाहीतर कोणी ताजं ताजं पुण्याहून आलेलं असेल तर त्यांना कळणार नाही एवढं काय ते कासवाचं कौतुक.

मॅक्स हे मोहावी वाळवंटातलं जमिनीवरचं कासव, डेझर्ट टॉर्टॉइज. नेवाडाचा राज्य-सरपटणारा प्राणी म्हणून १९८९ ला जाहीर झालेली जात, आणि लगेच १९९० ला केंद्र सरकारच्या यादीत धोक्यात आलेली म्हणून नोंद. म्हणजे मान मिळाला आणि पाठोपाठ आयसीयू. आपल्या क्लार्क काउंटीचा (लास वेगास, हेंडरसन सगळं हिच्यातच) जो वाळवंट संवर्धन कार्यक्रम आहे त्यांचा हा मॅस्कॉट. एक मॅक्स खरा, तो लास वेगासच्या स्प्रिंग्ज प्रिझर्व्हमध्ये राहतो, आणि एक माणसानं घातलेल्या वेशातला, तो शाळाशाळांत जाऊन हात हलवतो. खरा मॅक्स थंडी पडली की बिळात जातो आणि वसंतात बाहेर येतो, तर तो कधी बाहेर येईल ती तारीख, तास आणि मिनिट ओळखायची काउंटीतल्या शाळकरी मुलांसाठी स्पर्धा असते, २००० सालापासून चालू आहे. सगळ्यात लवकर आला तो १४ फेब्रुवारी २००५ ला, सगळ्यात उशिरा १७ एप्रिल २०१२ ला. एरवी बहुतेक मार्चमध्ये.

तिकडे पेनसिल्व्हेनियात हिवाळा कधी संपणार ते बघायला २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉगला, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्याला, अक्षरशः उचलून बाहेर काढतात, टोपीवाले लोक असतात, सगळा तमाशा. इथे मॅक्सला कोणी हात लावत नाही. तो येईल तेव्हा येईल. मला याच गोष्टीचं आकर्षण वाटलं आणि थोडी भीतीही, कारण वर्षभराचा प्रकल्प आणि हिरो चार-पाच महिने बिळात.

मुलांनी ठरवलं आपण आपला मॅक्स करायचा आणि त्यालाही झोपवायचं. नाव कोणीतरी मॅक्सकाका सुचवलं, मग एक म्हणाला काका तर माझे बाबा पण आहेत सगळ्यांचे, तर मॅक्सराव. मतदान होऊन मॅक्सराव.

४ डिसेंबर

आज बांधकाम. शेजारच्यांकडून थँक्सगिव्हिंगचा टर्की भाजायचा ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे मागून आणला (आमच्याकडे कसली टर्की, आम्ही पनीर माखनी केली होती), तो उपडा केला की कवचाचा सांगाडा तयार. वर कागदाचे चार थर. चिकटवायला मैद्याची खळ, घरून पातेलंभर शिजवून नेली. पोरांनी आयुष्यात खळ बघितली नव्हती, एकानं चाटून बघितली आणि मीठ कमी आहे म्हणाला.

कवचावरच्या मोठ्या ढाली मोजून लावल्या, मधल्या रांगेत पाच आणि दोन्ही बाजूंना चार चार, एकूण तेरा, त्यासाठी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे तुकडे. इथे जरा वाद झाला कारण एका मुलीला कासवाच्या पाठीवर फुलं हवी होती. शेवटी प्रत्येक ढालीला रेघा काढल्या, खऱ्या कासवालाही असतात, वाढीच्या रेघा, पण झाडासारखं त्या मोजून वय नाही सांगता येत कारण पाऊस चांगला झाला त्या वर्षी जास्त पडतात आणि दुष्काळात पडतच नाहीत. पायांना नवऱ्याचे जुने खाकी मोजे. पुढचे पाय फावड्यासारखे चपटे, मागचे हत्तीसारखे गोल, हे फोटोत बघून मुलांनीच हेरलं, मी नुसती कापूस भरत होते. हनुवटीखाली कवचाचं जे पुढे आलेलं शिंग असतं, नर त्यानं दुसऱ्या नराला उलथा पाडायला बघतो, ते आईस्क्रीमच्या चमच्याचं केलं.

चिपळूणला असा कागदाचा गणपती वाळायला तीन दिवस लागायचे. इथे कुठले तीन दिवस, संध्याकाळपर्यंत टणक. बाबांना व्हिडिओवर दाखवला तर पहिला प्रश्न, "खळीत मोरचूद घातलास का? कसर लागेल". बाबांनी आयुष्यभर वह्या बांधल्यात, त्यांना कागद दिसला की कसर दिसते. म्हटलं बाबा लहान मुलं चाटतात हो खळ, मोरचूद कसला घालताय, आणि ही हवा इतकी कोरडी, कसर बिसर काही लागत नाही इथे. ते फक्त हं म्हणाले.

११ डिसेंबर

मॅक्सरावांना झोपवलं. हॉलच्या सामानाच्या कपाटात खालच्या कप्प्यात टीव्हीचा खोका, आत माती नको म्हणून तपकिरी कागदाच्या गोळ्या. खरा मॅक्स कधीच गेलाय आत, आम्हाला उशीर झाला. खोका चिकटपट्टीनं बंद केला आणि वर मुलांनी नियम लिहिला, जसाच्या तसा उतरवते: "खरा मॅक्स बाहेर येयीपर्यंत कोणीपण उघडायचे नाही. ताई पण नाही". येईपर्यंत दुरुस्त करायला हात शिवशिवला, पण सोडून दिलं.

झोप म्हणजे काय यावर बरीच गाडी गेली. आपण मराठीत सरसकट शीतनिद्रा म्हणतो, पण सरपटणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं, इंग्रजीत त्याला ब्रूमेशन असा वेगळा शब्द आहे. गाढ झोप नाही, शरीर बाहेरच्या गारव्याबरोबर गार होतं, हृदय मंद, खाणं बंद, पण मधे हवा बरी झाली तर कूस बदलतील, पाणी प्यायलाही येऊ शकतात. एक म्हणाला, "म्हणजे माझे आजोबा दुपारी टीव्हीसमोर झोपतात तसं". यापेक्षा चांगली व्याख्या मला जमली नसती.

आज आईलाही वर्गात फोनवर घेतलं होतं. ती म्हणाली कासवीण पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, संतांनी लिहून ठेवलंय. मुलं खूश. आता पंचाईत माझी, कारण हे कासव मे-जूनच्या सुमाराला बिळाच्या तोंडाशी मातीत अंडी घालतं आणि पिल्लं निघतात ती थेट उन्हाळा संपताना, आपापली, आई त्यांना वाढवत बिढवत नाही. आईसमोर मी काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर सांगितलं, तर एका मुलीनं विचार करून सांगितलं, "आजीचं कासव वेगळं असेल". असो. त्यापेक्षा दुसरी गोष्ट मुलांना जास्त भावली, की अंडी गरम मातीत राहिली तर मुली होतात आणि जरा गार राहिली तर मुलगे. घरी जाताना मुलींची घोषणा, "मुली हॉट, मुलगे थंड". आयांचे मेसेज आले नाहीत अजून, येतील.

८ जानेवारी २०२३

थर्मामीटरचा प्रयोग. कल्पना साधी, एक थर्मामीटर उन्हात, एक जमिनीत दोन फूट खाली पाईपमध्ये, आणि आठवडाभर सकाळ-दुपार लिहायचं. आमच्याच बॅकयार्डमध्ये करायचं ठरलं. नवरा टिकाव घेऊन उत्साहात सुरू झाला, वर सहा इंच भुसभुशीत आणि खाली ठण्ण. लास वेगासच्या जमिनीत चुन्याचा जो कडक थर असतो, कलीची म्हणतात, काँक्रीटच जवळपास. एक फुटावर त्यानं हात टेकले. मुलं मात्र हरखली, कारण कासवं याच थराखाली घरं करतात, ओढ्याच्या काठाला जिथे हा थर उघडा पडून खाली माती झिजलेली असते तिथे छप्पर आयतंच मिळतं, आणि ते पडत नाही.

एक फूट तर एक फूट. आठवड्याचे आकडे मुलांनी आज फळ्यावर मांडले. वरच्या थर्मामीटरमध्ये पहाटे २ आणि दुपारी १५, खालच्यात पहाटे १० आणि दुपारी १०. एक मुलगा दोनदा विचारून गेला की खालचं बिघडलंय का. नाही रे बाळा, तेच तर. उन्हाळ्यातही हेच कामाला येतं, वर पंचेचाळीस असताना आत बरं असतं, म्हणून हे कासव आयुष्याचा नव्वद-पंचाण्णव टक्के वेळ जमिनीखालीच काढतं. म्हणजे मॅक्सराव चार महिने नाही, तसे कायमच आत असतात, आपल्याला वाटतं बाहेर असणं म्हणजे खरं जगणं.

१५ जानेवारी

तिळगूळ वाटप, फारसं काम नाही. एकीनं विचारलं २००० पासूनचा मॅक्स अजून तोच आहे का. सांगितलं, पहिला मॅक्स रेड रॉक कॅन्यनला राहायचा, तो २००८ साली गेला, म्हातारा झाला होता, आता गादी दुसऱ्याकडे आहे. ती रडायलाच लागली. तिळगूळ देऊन आवरलं.

५ फेब्रुवारी

अंदाजांचा दिवस. खऱ्या स्पर्धेची एंट्री मुलं आपापल्या शाळेतून भरतील, आपल्या वर्गाचा तक्ता वेगळा. दोन मोठ्या पोरांनी मागच्या सगळ्या तारखा घेऊन आलेखाच्या कागदावर टिंबं काढली, सरासरी काढली आणि फार अधिकारानं सांगितलं, २० मार्च, दुपारी १२ वाजून १० मिनिटं. बाकी बहुतेकांनी मोठ्यांचं बघून १५ ते २८ मार्चच्या आत टाकलं. एका मुलीनं १९ एप्रिल लिहिलं कारण त्या दिवशी तिच्या बाबांचा वाढदिवस. सॉकरवाला सगळ्यात धाकटा उशिरा आला, त्याला चांगल्या तारखा संपल्या असं वाटलं, म्हणून त्यानं ३० एप्रिल घेतली. सगळे हसले. मीही, खरं सांगायचं तर.

१९ फेब्रुवारी

पाण्याचे फुगे. हा भाग पुढच्या वर्षी नक्की करा, पण हॉलमध्ये नाही, पार्किंग लॉटमध्ये करा. मी हॉलमध्ये केला आणि हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी मला गालिच्याचे दर ऐकवले.

मुद्दा असा. लास वेगासला वर्षाला सरासरी चार इंच पाऊस, चिपळूणला तेवढा एका रात्रीत पडतो आणि कोणी खिडकीसुद्धा लावत नाही. तर हे कासव पाऊस आला की जमिनीत उथळ खळगे करून पाणी पितं, कितीतरी पितं, आणि मूत्राशयात साठवतं, शरीराच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत. त्यावर महिनोन्महिने काढतं. आता रस्त्याच्या कडेला एखाद्याला कासव दिसलं, आवडलं, उचललं, तर ते घाबरून मुततं. आपल्याला किळस, त्याची वर्षभराची टाकी रिकामी. उन्हाळ्यात तहानेनं मरू शकतं. म्हणून इथे लहानपणापासून शिकवतात, लांबून बघा, उचलू नका, आणि तसंही जंगली कासवाला हात लावणं कायद्यानं गुन्हा.

खेळ: प्रत्येकाच्या टीशर्टखाली पोटाशी पाण्याचा फुगा, हळूहळू रांगत भिंतीपर्यंत जायचं, आणि एकजण माणूस, त्यानं मागून येऊन कासवाला उचलायचा प्रयत्न करायचा. पहिल्याच उचलण्यात फटाक. पोरगा ओला, गालिचा ओला, आणि आश्चर्य म्हणजे ज्यानं उचललं तोच रडवेला, "मी त्याला मारलं". पुढच्या फेरीत माणूस व्हायला कोणी तयार होईना. गालिच्याचे पैसे द्यावे लागले नाहीत, पंख्यानं वाळला तासात.

५ मार्च

गारठा संपेचना. रेड रॉकच्या डोंगरांवर अजून बर्फ, मुलं जॅकेटात, आणि मॅक्स अर्थातच नाही. रोज दोन-तीन घरांतून मेसेज, "उठला का?" आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे दत्तक कासव आहे, घरात वाढलेलं, रीतसर ठेवलेलं. माणशी एकच ठेवता येतं आता, आणि पाळलेलं कासव वाळवंटात सोडायचं नाही कारण त्यांचा श्वसनाचा आजार रानातल्यांना लागतो. पाळीव कासव बघायला पोरांना नेण्याचा विचार आहे, उठलं की.

वर्गात आज डोमकावळे. रेव्हनला मी डोमकावळा म्हणते, कोणाला पटो न पटो. हॉलबाहेर कचऱ्याच्या डब्यावर दोन असतातच, त्यांना बघूनच धडा घेतला. कासवाचं पिल्लू जन्मतं तेव्हा डॉलरच्या मोठ्या नाण्याएवढं, आणि पहिली पाचेक वर्षं कवच मऊ, नखासारखं. डोमकावळ्याला ते म्हणजे शेंगदाणा. पूर्वी वाळवंटात डोमकावळे मोजकेच, कारण त्यांनाही पाणी लागतं, खायला लागतं. मग आपण आलो. आपला उघडा कचरा, आपल्या लॉनचं पाणी, घरट्याला विजेचे खांब, आणि मोहावीत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. कासवाची मादी वयात यायलाच तेरा ते वीस वर्षं लागतात, तिची दोन-चार पिल्लं अशी उचलली गेली की झालं. एकानं फ्रेंच फ्राईज खाऊन झालेली पिशवी गाडीच्या टपावर ठेवली होती, ती पळत जाऊन आणली.

१२ मार्च

आज समितीची मीटिंग. कार्यक्रम २५ तारखेला, शनिवारी. मी सांगितलं मॅक्स तोवर उठला नाही तर खोका उघडता येणार नाही. शांतता. मग एक म्हणाले, "अहो ताई, पुठ्ठ्याचं कासव आहे ते". दुसरे म्हणाले कार्यक्रमपत्रिकेत फोटो छापलाय. तिसऱ्यांचं म्हणणं, मुलांना काय कळतंय, रात्री उघडा, सकाळी सांगा उठला. यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी ठरलं की तुमचं तुम्ही बघा, दहा मिनिटं भरली पाहिजेत.

गाडीत बसल्यावर मात्र धाबं दणाणलं. दहा मिनिटं, आणि स्टेजवर एक बंद खोका.

१९ मार्च

मुलांना विचारलं उघडायचा का. एकमतानं नाही, आणि धाकट्यानं खोक्यावरचा नियम बोट ठेवून वाचून दाखवला, "ताई पण नाही".

मग नाटक त्यांनीच काढलं. चिऊकाऊची गोष्ट सगळ्यांना पाठ, "चिऊताई चिऊताई दार उघड". तर खोका मधोमध, आणि एकेक प्राणी येऊन म्हणणार "मॅक्सराव मॅक्सराव दार उघड", आणि बाजूला थर्मामीटरवाला उभा, तो मॅक्सरावांच्या वतीनं उत्तर देणार. थांब, अजून बीळ गार आहे. थांब, अजून दिवस लहान आहे. थांब, अजून रानफुलं आली नाहीत, मग खाऊ काय? गेल्या रविवारी हे माझ्या डोक्यात असतं तर मी समितीत ऐटीत बोलले असते.

शेजारच्या आजोबांचं कासव म्हणे १६ तारखेला उठलं. त्यावरून वर्गात मोठी खडाजंगी, हे धरायचं की नाही. दोन्ही एकाच जातीची, एकाच शहरातली, मग हा उठला आणि तो का नाही? आजोबांच्या बिळाचं तोंड दक्षिणेला भिंतीलगत, दिवसभर ऊन, त्यामुळे असेल असं आमचं मत पडलं. मोठ्या पोरांनी आलेखावर वेगळ्या रंगाचं टिंब मारलं आणि खाली लिहिलं "चालणार नाही".

२० मार्चचा त्यांचा अंदाज उद्या. सकाळी १२ वाजून १० मिनिटांनी फोन करणारेत म्हणाले. सकाळी १२ म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

२५ मार्च, शनिवार

पडदा उघडला आणि फक्त खोका, त्यावर दिवा. लोकांना वाटलं काहीतरी गडबड झाली, मागे कोणीतरी "माईक, माईक" केलं. मग कांगारू उंदीर उड्या मारत आला, खरं पाणी कधीच न पिणारा, कोरड्या बियांतूनच शरीराला लागतं तेवढं पाणी काढणारा, त्याचा संवाद "मला पाणी नको, फक्त जागा दे". मग बिळातलं घुबड, त्याला स्वतःचं बीळ खणायचा कंटाळा, दुसऱ्याच्या जुन्या बिळात संसार थाटतं. पळकोकीळ तीन वेळा स्टेजभर पळाला, त्याला थांबवायला लागलं. गिला मॉन्स्टर (इथला एक सरडा) झालेल्या मुलीनं आपण विषारी आहोत हे इतक्या प्रेमानं सांगितलं की तिची आजी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. प्रत्येकाला तेच उत्तर, थांब. सगळ्यात शेवटी डोमकावळा काळी शाल पांघरून, हातात फ्रेंच फ्राईजची पिशवी, "मॅक्सराव मॅक्सराव दार उघड, पिल्लं आहेत का घरी?" इथे सगळे प्राणी उठून खोक्यासमोर ओळीनं उभे राहिले. हे तालमीत नव्हतं. माझ्या घशाशी आलं एकदम.

नऊ मिनिटं झाली. ज्यांनी रात्री उघडा म्हटलं होतं ते नंतर येऊन म्हणाले, "पण खोक्यात आहे का खरंच काही?"

९ एप्रिल

सुट्टीचा आठवडा, पाचच मुलं. वेळासचे व्हिडिओ दाखवले. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं गाव, आमच्याकडून फार लांब नाही. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी किनाऱ्यावरच्या कुंपणात जपतात आणि याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात, पिल्लं वर आली का. आली की पाण्याकडे सोडतात. लांबलांबून लोक येऊन राहतात, आणि कधी टोपली रिकामीच निघते. मुलांना एकदम ओळखीचं वाटलं. फक्त गोंधळ असा की आपल्या मराठीत समुद्रातलं तेही कासव आणि वाळवंटातलं हेही कासव, आणि एकानं सरळ विचारलं मॅक्सला समुद्रात का नाही सोडत. बुडेल बाबा तो. पोहता येत नाही, पाय बघितलेस ना, आपण मोज्याचे केले ते.

१७ तारखेचा जुना विक्रम मोडणार असं मोठी पोरं म्हणतायत. यांच्या २० मार्चबद्दल आता कोणी काही बोलत नाही.

२४ एप्रिल, सोमवार

उठला!! ऑफिसात होते, ग्रुपवर एकदम चाळीस मेसेज. इतक्या वर्षांतला सगळ्यात उशीर, २०१२ पेक्षाही सात दिवस जास्त. बाबांच्या वाढदिवसवाली पाच दिवसांनी चुकली, सॉकरवाला सहा दिवसांनी. त्याच्या आईनं लिहिलं तो घरभर नाचतोय, दुसरा आलो म्हणून. मी हसले होते ते आठवलं.

३० एप्रिल

खोका उघडला. चिकटपट्टी सगळ्यांनी मिळून ओढली.

कसर लागली होती. नाकाचं टोक गायब, डाव्या बाजूच्या दोन ढाली जाळीदार, आणि कागदाच्या गोळ्यांतून चार चंदेरी किडे सर्रकन पळाले. वाळवंटात कसर लागत नाही म्हणणारी मी. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी फक्त एक शब्द टाईप केला, "मोरचूद".

मला वाटलं मुलं हिरमुसतील. कसली हिरमुसतायत, पाच महिने बिळात आणखी कोणीतरी राहत होतं याचाच आनंद, घुबड झालेला तर म्हणाला मी नाटकात सांगितलंच होतं. कसरीला वर्गाच्या तक्त्यात जागा मिळाली, गिला मॉन्स्टरच्या खाली.

७ मे

स्प्रिंग्ज प्रिझर्व्हला गेलो, नऊ मुलं, सहा पालक. ही जागा म्हणजे जिथे पूर्वी झरे होते, ज्यांच्यामुळे इथे कुरणं होती आणि स्पॅनिशमध्ये लास वेगास म्हणजे कुरणं, हे बहुतेक पालकांनाही नवीन होतं. वाटेत एका बाबांनी विचारलं ही काउंटी कासवांवर खर्च करते तो पैसा कुठून येतो. मोकळ्या जमिनीवर बांधकाम करायचं तर एकरामागे ५५० डॉलर भरावे लागतात, त्यातून. म्हणजे आपल्या घराच्या किमतीत कुठेतरी कासव आहे. ते हसले, मग गप्प झाले, त्यांचं घर गेल्याच वर्षीचं.

मॅक्स दिसला. झुडपाच्या सावलीत, आमच्याकडे पाठ करून. वीस मिनिटं काही नाही. मुलं कुजबुजत उभी, कोणी काचेवर टकटक केलं नाही. मग त्यानं मान लांब केली, नारिंगी फुलाच्या ताटव्याकडे दोन पावलं टाकली आणि एक फूल तोडलं, सावकाश, बाजूनं, आजी दात नसताना पोळी तोडते तसं, आणि पाकळी ओठाला चिकटून राहिली. धाकटा माझा हात ओढून म्हणाला, "ताई, त्याचं नाक आहे".

१४ मे

वही समितीकडे देते आहे. खोका आणि मॅक्सराव आमच्या गराजमध्ये आहेत, दोन थर्मामीटर त्यातच, एकाची काच तडकलीय. पाईप अजून बॅकयार्डमध्ये रुतलेला आहे, निघत नाही, हवा असेल तर घरी येऊन वापरा. नाक मुलांनी मातीचं नवीन केलंय, खरं म्हणजे जरा मोठं झालंय. पुढच्या वर्षी खळ नको, फेविकॉल घ्या, इंडियन स्टोअरमध्ये मिळतो.